झोपेचे यंत्र आणि उघडे तोंड

घोरणे म्हणजे गाढ झोप, असे आपण समजत आलो. घरात कोणी घोरू लागले, की "काय हा कुंभकर्ण!" असे म्हणून बाकीचे हसतात आणि कूस बदलून झोपतात. पण हसण्याआधी एक काम करा. त्या घोरणाऱ्याच्या उशाशी दहा मिनिटे बसा. नीट कान द्या.

काही जणांचे घोरणे चढत जाते, चढत जाते, आणि एकदम थांबते. घरात शांतता होते. आपल्याला वाटते, बरे झाले, थांबला एकदाचा. पण ही शांतता बरी नव्हे. अशा वेळी घोरण्याबरोबर श्वासही थांबलेला असू शकतो. छाती हलते, पोट हलते, पण वारा आत जात नाही. दहा आकडे मोजून होतात, वीस होतात, कधी तीसही होतात. मग तो माणूस दचकतो. मोठा आवाज करून श्वास ओढतो. आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी विचारले तर त्याला यातले काहीच आठवत नाही.

हा आजार आहे. डॉक्टर त्याला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. आपण त्याला 'झोपेतला श्वासरोध' म्हणू. रोध म्हणजे अडथळा. या आजारावर एक चांगले यंत्र आहे. ते यंत्र आता आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या गावांतही दिसू लागले आहे. पण ते घरी आणून पुष्कळ जण महिन्याभरात माळ्यावर टाकतात. का टाकतात? त्याचे एक मोठे कारण अगदी साधे आहे. झोपेत तोंड उघडे राहते. त्यावर काय करावे, ते या पाठात पाहू.

श्वास का अडकतो?

शेतात पाणी नेण्यासाठी एक चपटा पाईप मिळतो. तो गुंडाळून ठेवता येतो. पाणी नसते तेव्हा तो पट्टीसारखा चपटा पडतो. मोटार सुरू झाली, पाण्याचा दाब आला, की तोच पाईप गोल होऊन उभा राहतो.

आपला घसा थोडा असाच आहे. छातीतली श्वासनळी कडक कड्यांची असते. ती दबत नाही. पण जिभेच्या मागचा घसा मऊ असतो. त्याला हाड नाही. जागेपणी तिथले स्नायू ताठ असतात, म्हणून वाट उघडी राहते. झोपेत सगळे अंग सैल पडते. घशाचे स्नायूही सैल पडतात. उताणे झोपले तर जीभ मागे सरकते. वाट अरुंद होते. अरुंद वाटेने वारा गेला, की मऊ भाग थरथरतो. तेच घोरणे. आणि वाट पूर्ण मिटली, की श्वास अडकतो.

श्वास अडकला, की रक्तातला प्राणवायू कमी होतो. मेंदू घाबरा होतो आणि माणसाला क्षणभर जागे करतो. घसा उघडतो. पुन्हा झोप, पुन्हा अडथळा. तपासणीत डॉक्टर हे मोजतात. तासाला ५ पेक्षा कमी वेळा अडकला तर त्याला आजार म्हणत नाहीत. ५ ते १५ वेळा म्हणजे सौम्य. १५ ते ३० म्हणजे मध्यम. ३० च्या वर म्हणजे तीव्र. तासाला तीस वेळा म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा! अशा माणसाची रात्र अंथरुणात जाते, पण झोप होत नाही.

मग दिवसा डोळा लागतो. चावडीवर बसल्या बसल्या डुलकी येते. सकाळी डोके दुखते. चिडचिड होते. विसर पडतो. रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि गाडी चालवताना डोळा लागला, तर सांगायलाच नको.

हा शहरातला आजार आहे काय?

तसे नव्हे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या सुमारे १९ जणांचा श्वास झोपेत अडकत होता. सात ते आठ जणांना त्याबरोबर दिवसाही झोप आवरत नव्हती. पुढे २०२३ साली दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या डॉक्टरांनी साऱ्या देशाचा हिशेब मांडला. कामाच्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा आजार असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले. त्यांचे वय ६९ होते. त्यांना इतरही दुखणी होती. पण झोपेतल्या श्वासरोधाने त्यांचा अंत झाला, असे रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा या आजाराचे नाव घरोघरी ऐकू आले.

हा आजार लठ्ठ माणसाला जास्त होतो, हे खरे. पण सडपातळ माणसालाही होतो. ज्याची मान जाड, हनुवटी लहान, टॉन्सिल मोठे, त्यालाही होतो. बायकांनाही होतो. पाळी गेल्यानंतर त्यांच्यात तो वाढतो. "बाईमाणूस घोरते" हे सांगायची लाज वाटते, म्हणून त्यांचा आजार लपून राहतो. यात लाज कसली? ताप आला तर आपण लपवतो काय?

यंत्र काय करते?

पूर्वी या आजाराच्या तीव्र रोग्याला खात्रीचा उपाय एकच होता. गळ्याला समोरून छिद्र पाडायचे आणि तिथून श्वास घ्यायचा. १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी एक युक्ती केली. धूळ ओढणाऱ्या यंत्रात असते तशी मोटार त्यांनी घेतली. तिचा वारा नळीतून रोग्याच्या नाकात सोडला. त्या वाऱ्याच्या दाबाने घसा उघडा राहिला. रोगी रात्रभर शांत झोपला. १९८१ साली त्यांनी पाच रोग्यांचा अनुभव छापून प्रसिद्ध केला. आज जगभर वापरले जाते ते 'सीपॅप' यंत्र हेच.

यंत्र अगदी लहान असते. उशाजवळच्या स्टुलावर मावते. त्याला एक लांब नळी असते. नळीच्या टोकाला मास्क असतो. मास्क नाकावर बसवायचा आणि झोपायचे.

लोकांना वाटते, यात प्राणवायूचे सिलिंडर आहे. तसे नाही, बरे का. यंत्र खोलीतलीच साधी हवा घेते आणि थोड्या दाबाने आत सोडते. दाब तरी किती? ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका. उभ्या नळीत अर्धी वीत पाणी उभे केले, तर नळीच्या तळाशी जेवढा दाब येईल, साधारण तेवढा. सायकलच्या ट्यूबमधल्या दाबापुढे हा काहीच नाही. पण तेवढा दाब मऊ घशाला पुरतो. चपटा पाईप गोल होऊन उभा राहतो. वाट मिटत नाही. श्वास चालू राहतो.

प्रत्येकाला लागणारा दाब वेगळा असतो. तो तपासणीवरून डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याच्या चष्म्याने आपल्याला वाचता येत नाही. तसेच शेजाऱ्याच्या यंत्राचा दाब आपल्याला लागू पडत नाही.

तोंड उघडले की काय होते?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. वारा नाकातून आत येतो आणि घशात उतरतो. तोंड मिटलेले असेल, तर सगळा दाब घशात राहतो. पण तोंड उघडले तर? नाकातून आलेला वारा घशात वळतो आणि तोंडावाटे बाहेर पडतो.

ठिबकच्या नळीचे उदाहरण घ्या. मधेच नळी फुटली, की तिथे चिखल होतो आणि शेवटची झाडे कोरडी राहतात. मोटार चालू असते. वीज जळत असते. मीटर फिरत असते. पण पाणी जिथे हवे तिथे पोचत नाही. उघडे तोंड म्हणजे अशीच फुटलेली नळी.

यातून तीन गोष्टी होतात. पहिली, घशातला दाब उतरतो आणि श्वास पुन्हा अडकू लागतो. दुसरी, रात्रभर वारा वाहिल्याने तोंड आणि घसा कोरडा ठक्क पडतो. तिसरी गोष्ट नीट समजून घ्या. नाकाचे काम आत येणारी हवा गरम आणि ओली करण्याचे आहे. आपण नाकानेच श्वास सोडतो, तेव्हा त्यातली थोडी ऊब आणि ओल नाकाला परत मिळते. तोंडाने हवा बाहेर जाऊ लागली, की नाकाचे नुसते देणेच होते, घेणे होत नाही. नाक कोरडे पडते, आतून सुजते आणि चोंदते. नाक चोंदले, की तोंड आणखी उघडते. तोंड उघडले, की नाक आणखी चोंदते. असे हे रहाटगाडगे सुरू होते.

कसे ओळखावे?

झोपलेल्या माणसाला स्वतःचे तोंड दिसत नाही. म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावे लागते.

समजा, एक तात्या आहेत. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची गाडी नेतात. उसनवार करून त्यांनी यंत्र घेतले. पंधरा दिवसांनी ते खोक्यात भरून ठेवले.

बायकोने विचारले, "अहो, मशीन का काढून ठेवलं?"

"अगं, घशाला कोरड पडते. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. आणि दिवसा झोप येते ती येतेच. पैसे पाण्यात गेले."

"मशीन चालू असतं तेव्हा तुमचं तोंड उघडं असतं. ओठांतून फुर्र फुर्र वारा येतो. मी रोज ऐकते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

तात्यांनी मशीनला दोष दिला. पण मशीनचा त्यात काय दोष? दाब तोंडावाटे वाया जात होता. हे त्यांच्या बायकोला ठाऊक होते आणि डॉक्टरांना ठाऊक नव्हते. दोघांची गाठ पडली असती, तर गोष्ट तिथेच सुटली असती. म्हणून डॉक्टरांकडे जाताना एकटे जाऊ नका. जे माणूस रात्री जवळ झोपते, त्याला बरोबर न्या.

तोंड उघडे राहते, याच्या खुणा अशा आहेत:

१. सकाळी तोंड, जीभ, घसा कोरडा पडतो.
२. ओठांतून किंवा गालांतून फुर्र असा आवाज येतो.
३. यंत्र वापरूनही घोरणे ऐकू येते.
४. यंत्र वापरूनही दिवसा झोप येते.
५. यंत्रावर हवा गळत असल्याची खूण दिसते. बऱ्याच यंत्रांत अशी नोंद आपोआप होते. डॉक्टरांकडे जाताना यंत्र किंवा त्याचे कार्ड बरोबर न्यावे.

नुसते तोंड कोरडे पडले म्हणजे तोंड उघडेच होते, असे नाही. काही औषधांनी आणि मधुमेहानेही तोंड कोरडे पडते. म्हणून खुणा दोन-तीन मिळून पाहाव्या.

उपाय पहिला : नाक मोकळे करा

तोंड उघडते, ते बहुधा नाक बंद असते म्हणून. समोरचे दार बंद असले, की माणूस परसदाराने येतो. मग आधी समोरचे दार उघडायला नको काय?

आपल्याकडे नाक चोंदायला कारणे पुष्कळ. कांद्याच्या चाळीतली धूळ. बागेवरची फवारणी. चुलीचा धूर. निफाडकडची कडाक्याची थंडी. कोणाच्या नाकाचा पडदा वाकडा असतो. कोणाच्या नाकात मांसाचा कोंब वाढलेला असतो. म्हणून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना एकदा नाक दाखवावे. वावड्याचा, म्हणजे अ‍ॅलर्जीचा, त्रास असेल तर ते नाकात मारायचा औषधी फवारा देतात. तो त्यांनी सांगितला तेवढाच आणि तसाच घ्यावा.

घरी मिठाच्या पाण्याने नाक धुता येते. पाणी आधी उकळावे आणि गार करावे. एक पेला, म्हणजे पाव लिटर पाण्यात, अर्धा लहान चमचा मीठ घालावे. विहिरीचे, नदीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. त्यात असे सूक्ष्म जंतू असू शकतात, की ते प्यायल्याने काही होत नाही, पण नाकावाटे वर गेले तर जिवाला धोका होतो.

दुकानात नाक मोकळे करणारे थेंब मिळतात. टाकले, की लगेच नाक सुटते. म्हणून लोक ते महिनोन् महिने वापरतात. तसे करू नका. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर उलटे नाक अधिक चोंदू लागते.

शेतातून आल्यावर तोंड-हात धुतो, तसे नाकही स्वच्छ करावे. फवारणी करताना आणि चाळीत काम करताना नाकाला फडके बांधण्यापेक्षा चांगला मास्क लावावा. तंबाखू आणि विडी सोडावी. धुराने नाक आणि घसा दोन्ही सुजतात.

उपाय दुसरा : हवा ओली आणि गरम करा

यंत्राला पाण्याची एक लहान टाकी जोडता येते. ती पाणी कोमट करते. वारा त्यावरून जातो आणि ओला होऊन नाकात येतो. नाक कोरडे पडत नाही, सुजत नाही, आणि वर सांगितलेले रहाटगाडगे थांबते. थंडीच्या दिवसांत याचा फार उपयोग होतो. आधीच टाकी असेल, तर तिची ऊब थोडी वाढवून पाहावी. नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येऊ लागला, तर ऊब जास्त झाली असे समजावे, किंवा नळीवर फडके गुंडाळावे.

टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावे. ते औषधाच्या दुकानात मिळते. बोअरच्या जड पाण्याने टाकीला पांढरा थर बसतो. एखाद्या रात्री नसलेच, तर उकळून गार केलेले पाणी चालेल. सकाळी उरलेले पाणी ओतून टाकावे. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात.

उपाय तिसरा : झोपायची पद्धत बदला

उताणे झोपल्यावर जबडा खाली पडतो आणि तोंड उघडते. कुशीवर झोपल्याने फायदा होतो. उशी फार उंच नको, फार सपाट नको. दारू आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू जास्तच सैल करतात. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दारू तर नकोच.

काहींना नुसती सवय लागलेली असते. अशांनी दिवसा सराव करावा. संध्याकाळी बातम्या ऐकताना अर्धा तास मास्क लावून, यंत्र चालू करून बसावे. ओठ मिटावे. जीभ टाळूला लावावी. नाकाने संथ श्वास घ्यावा. आठ-दहा दिवसांत शरीराला वळण लागते.

उपाय चौथा : हनुवटीचा पट्टा

कापडाचा एक रुंद पट्टा मिळतो. तो हनुवटीखालून डोक्यावर नेऊन बांधायचा असतो. तो जबड्याला आधार देतो. ज्यांचे नाक मोकळे आहे, पण झोपेत जबडा खाली पडतो, त्यांना याचा उपयोग होऊ शकतो. सर्वांनाच होतो असे नाही. काहींच्या ओठांतून तरीही वारा निसटतो. पट्टा घट्ट आवळू नये. जबडा मागे ओढला गेला, तर घसा उलट अरुंद होतो. नुसता पट्टा बांधून यंत्राशिवाय झोपणे, हा उपचार नव्हे.

उपाय पाचवा : मोठा मास्क

नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळतो. त्यात तोंड उघडले तरी वारा बाहेर जात नाही. दोन्हीकडे सारखा दाब राहतो. ज्यांचे नाक कायमच बंद असते, त्यांना हा सोयीचा. पण तो मोठा असल्याने कडेने गळू शकतो. म्हणून मापाचा घ्यावा. पादत्राण पायात घालून पाहतो, तसा मास्क तोंडावर लावून, आडवे पडून पाहावा.

दाढीच्या खुंटांतून वारा निसटतो. दाढी साफ ठेवावी. मिशी काढलीच पाहिजे असे नाही, पण झुपकेदार मिशीवर मास्क नीट बसत नसेल, तर मिशीला थोडी कात्री लावावी. मिशी पुन्हा येते.

ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, किंवा ज्यांना वरचेवर उलट्या होतात, त्यांनी मोठा मास्क वापरण्याआधी डॉक्टरांना हे जरूर सांगावे. उलटी मास्कमध्ये अडकली, तर ती श्वासनळीत जाऊ शकते.

याशिवाय, दाब गरजेपेक्षा जास्त असला, तरी तोंड उघडते. वारा वाट शोधतो. अशा वेळी डॉक्टर दाब कमी करून देतात, किंवा लागेल तसा आपोआप कमीजास्त होणारे यंत्र सुचवतात. यंत्राची बटणे स्वतः फिरवून दाब बदलू नये.

तोंडाला चिकटपट्टी लावावी काय?

मोबाइलवर हल्ली एक सल्ला फिरतो. रात्री ओठांना चिकटपट्टी लावा, घोरणे बंद! ऐकायला सोपे वाटते. पण विचार करा. ज्याचे नाक चोंदलेले आहे, त्याचे तोंडही बंद केले, तर त्याने श्वास कोठून घ्यायचा? रात्री उलटी झाली तर? वीज जाऊन यंत्र बंद पडले तर? आपल्या मनाने चिकटपट्टी लावू नका. पट्टीने ओठ बंद होतात. घसा उघडत नाही.

आणखी एक गोष्ट. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रोग्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींनी सहा महिने शंख फुंकण्याचा सराव केला. त्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि रात्री श्वास अडकणेही थोडे कमी झाले. शंख फुंकण्याने घशाचे स्नायू बळकट होत असावेत. गोष्ट चांगली आहे. पण प्रयोग लहान आहे. देवापुढे शंख जरूर फुंकावा, पण त्यासाठी यंत्र बंद करू नये.

वीज गेली तर?

आपल्याकडे वीज केव्हा जाईल, सांगता येत नाही. वीज गेली, की यंत्र थांबते. घाबरू नका. नाकाचा मास्क असेल, तर तोंड मोकळेच असते. मोठ्या मास्कला एक लहान झडप असते. यंत्र थांबले, की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. म्हणून ती झडप स्वच्छ ठेवावी. मास्कला बारीक छिद्रेही असतात. त्यातून उच्छ्वास बाहेर जातो. "वारा गळतोय" असे समजून ती छिद्रे बुजवू नका! वीज लवकर येणार नसेल, तर मास्क काढून कुशीवर झोपावे. घरी इन्व्हर्टर असेल, तर यंत्र त्यावर चालेल काय, हे आधीच विचारून ठेवावे.

यंत्राची निगा

मास्क रोज सौम्य साबणाने धुवावा आणि सावलीत वाळवावा. तोंडाच्या तेलाने मास्क निसरडा होतो आणि गळू लागतो. टाकी रोज धुवावी. नळी आठवड्यातून एकदा धुवावी. हवा गाळणारी जाळी आठवड्याला पाहावी आणि काळी झाली की बदलावी. यंत्र उशापेक्षा थोडे खाली, पण जमिनीपासून उंच ठेवावे. म्हणजे टाकीतले पाणी नळीत येत नाही आणि धूळही ओढली जात नाही.

यंत्र रोज वापरावे. दुपारी वामकुक्षी घेतानाही वापरावे. यात्रेला, लग्नाला गेलात, तरी बरोबर न्यावे. पोरे हसतील, हसू द्या. चष्म्यालाही लोक एकदा हसले होते. वजन जास्त असेल तर ते कमी करावे. वजन बरेच उतरले, की आजारही कमी होतो. पण यंत्र बंद करायचे की नाही, हे पुन्हा तपासणी करूनच ठरवावे.

माळ्यावरचे यंत्र खाली काढा

वर सांगितलेल्या तात्यांचा विचार करा. यंत्र खोक्यात आहे. तात्या पहाटे मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी चालवत आहेत. रात्रभर श्वास अडकला आहे, डोळे जड झाले आहेत. गाडीत मुलगा शेजारी बसला आहे. समोरूनही कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मुलगा येत आहे. डोळा लागायला एक क्षण पुरतो.

आणि तात्यांना लागत होते काय? नाकाची तपासणी, पाण्याची टाकी, नाहीतर दुसरा मास्क. एवढ्यासाठी यंत्र टाकून द्यायचे काय? ठिबकची नळी फुटली, म्हणून कोणी बाग उपटून टाकत नाही. फुटले कुठे ते शोधतो आणि नळी जोडतो.

तुमच्या घरी, शेजारी, भावकीत कोणी घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर त्याला हा पाठ वाचून दाखवा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयात किंवा छातीच्या, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. झोपेची तपासणी एका रात्रीची असते. अंगाला तारा आणि पट्टे लावतात. सुई टोचत नाहीत. तपासणी होईपर्यंत अशा माणसाने लांबची गाडी चालवू नये.

लक्षात ठेवा

१. घोरता घोरता श्वास थांबतो, तो आजार आहे.
२. यंत्र हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवते.
३. तोंड उघडले, की दाब वाया जातो.
४. आधी नाक मोकळे करा. मग ओली हवा, कूस, पट्टा, मोठा मास्क.
५. आपल्या मनाने चिकटपट्टी लावू नका, दाब बदलू नका, यंत्र सोडू नका.

प्रश्न

१. उताणे झोपल्यावर घसा का मिटतो?
२. तोंड उघडे राहिले, तर नाक का चोंदते?
३. नाक धुण्याचे पाणी कसे तयार करावे?
४. मास्कची बारीक छिद्रे का बुजवू नयेत?
५. आज रात्री आपल्या घरी कोणाच्या उशाशी दहा मिनिटे बसले पाहिजे?